विषाच्या फोनवरची मावशी

माझ्या मावशीनं आयुष्यात मुंगीसुद्धा मारली नसेल. तरीही तिच्या हातचा चहा पिण्याआधी आमच्या घरातला प्रत्येक जण कप एकदा नाकाशी नेऊन मगच ओठाला लावायचा. कुणी बोलून दाखवत नसे. पण मावशीला दिसायचंच. मग ती म्हणायची, "प्या, प्या. चांगल्या विषाला वास नसतो."

तिचा व्यवसायच तसा होता. शहरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एक्स-रे विभाग ओलांडून पुढं गेलं की एक अरुंद खोली होती. दारावर पाटी: विषबाधा माहिती केंद्र. आत दोन टेबलं, दोन फोन, पुस्तकांची कपाटं आणि उशिरा का होईना आलेला एक कॉम्प्युटर. कुणी नको ते गिळलं, हुंगलं, डोळ्यात घातलं किंवा कशाकडून तरी चावून घेतलं की घरच्यांनी इथं फोन करायचा. फोन उचलणारीनं काय घेतलं, किती घेतलं ते विचारायचं आणि पुढं काय करायचं ते सांगायचं. औषधशास्त्राची पदवी घेऊन मावशी त्या खोलीत शिरली ती केस पांढरे होईपर्यंत तिथंच राहिली. घरचा फोन वाजला तरी तिच्या तोंडून "हॅलो, विष केंद्र" असंच निघायचं. नवीन किराणावाल्यानं हे ऐकून एकदा घाबरून फोन ठेवून दिला आणि सामान शेजारच्यांकडे पोचवलं.

लोकांना वाटायचं, तिथं दिवसभर नागांचे आणि खुनांचे फोन येत असतील. मावशी सांगायची ते निराळंच. पोरानं मेणाचा खडू खाल्ला. आजोबांनी खोकल्याचं औषध म्हणून अंगाला लावायचं लोशन प्यायलं. एका बाईनं डोळ्यांचे थेंब समजून नखं चिकटवायचा डिंक डोळ्यात घातला. एकदा तर एका बाईंचा रडवेला फोन आला, की गडबडीत कुत्र्याची गोळी नवऱ्याला गेली आणि नवऱ्याची कुत्र्याला.

"नवऱ्याची कसली होती?" मावशीनं विचारलं.

"ब्लडप्रेशरची."

"आणि कुत्र्याची?"

"जंतांची."

"मग आधी कुत्र्याचं बोलू. नवऱ्याला काही होत नाही, झाला तर फायदाच होईल."

मावशी अशी. कामात चोख, तोंडानं फटकळ. तिची एकच मागणी असायची, बाटली हातात घेऊन फोन करा. पण बाटली कुणाच्या हातात नसे. "निळसर काहीतरी होतं हो," लोक म्हणायचे. मग मावशीचा पारा चढायचा. "घर तुमचं, कपाट तुमचं, बाटली तुम्ही आणलेली, आणि त्यात काय आहे ते मी सांगू?" एवढं सुनावून झालं की ती शांतपणे पुढचं विचारायची आणि त्या माणसाला सुखरूप मार्गाला लावायची. लोक जीव वाचल्याचे आभार मानायचे, पण दुसऱ्यांदा फोन करायची वेळ आली तर शेजाऱ्याला करायला लावायचे.

या नोकरीपायी तिचं लग्न लांबलं. ओळखीतून दोनदा बोलणी सुरू झाली होती. पहिला माणूस सरळमार्गी होता, पण त्याच्या आईनं काय काम करते ते विचारलं आणि मावशीनं ते जरा जास्तच रंगवून सांगितलं. दुसरा स्वतःला धीट समजायचा. त्यानं हसत हसत विचारलं, "मग तुम्हाला कुणालाही कळू न देता मारता येईल?" मावशी प्रामाणिकपणे म्हणाली, "हो, पण शोधून काढणारीही मीच असेन." तोही परत फिरकला नाही. माझी आई, म्हणजे मावशीची धाकटी बहीण, तेव्हा म्हणाली होती, "ताई, निदान जेवताना तरी तो विषय काढत जाऊ नकोस." आईचं लग्न कधीच झालं होतं, त्यामुळं तिला सल्ले द्यायचा अधिकार होता.

विषानं मोडलेलं लग्न शेवटी विषानंच जुळवलं. एका दुपारी फोन वाजला.

"मी सेल गिळलाय," पलीकडचा पुरुषाचा आवाज अगदी ओशाळा होता.

"कसला सेल?"

"हातातल्या घड्याळाचा. दुरुस्ती करताना ओठात धरला होता. शिंक आली."

"कुठला नंबर आहे सेलचा?"

त्यानं नंबर सांगितला. जाडी सांगितली, व्यास सांगितला, कंपनी सांगितली. मावशीनं सगळं लिहून घेतलं. इतक्या वर्षांत गिळलेल्या वस्तूची इतकी सविस्तर माहिती तिला कुणी दिली नव्हती.

"उलटी काढायला जाऊ नका. काही खाऊ-पिऊ नका. आत्ता उठा आणि एक्स-रेला या. सेल अन्ननलिकेत अडकला असेल तर भोक पाडतो."

"दुकानात गिऱ्हाईक बसलंय."

"त्याचं घड्याळ बंद पडलंय, तुम्ही बंद पडायला नको. निघा."

सेल पोटात उतरला होता. एक्स-रेच्या काळ्या पडद्यावर तो पौर्णिमेच्या चंद्रासारखा गोल दिसत होता, असं तो माणूस पुढं आयुष्यभर सांगायचा. दोनतीन दिवसांनी तो घड्याळवाला केंद्राच्या दारात येऊन उभा राहिला. हातात फुलं. "बाहेर पडला," एवढंच म्हणाला. अशा बातमीवरून कुणाचं प्रेम जमल्याचं दुसरं उदाहरण मी तरी ऐकलेलं नाही. पण ते जमलं आणि तो घड्याळवाला आमचा काका झाला.

सेलचा नंबर पाठ असणाऱ्या या माणसानं दुसऱ्या कुठल्याही वस्तूवरचं अक्षर कधी वाचलं नाही. भांड्यांचा साबण हाताला लावायचा, हाताचा केसांना. मावशीनं घरात डब्याडब्यावर चिठ्ठ्या डकवल्या होत्या, "खायचं" आणि "नाही खायचं". काका त्याही वाचायचे नाहीत. ते फक्त हाक मारायचे, "अगं, हे खायचं का?" आणि मावशी दुसऱ्या खोलीतून वस्तू न बघता उत्तर द्यायची. संसार सुखाचा होता.

मावशीच्या नोकरीची शेवटची काही वर्षं उरली होती तेव्हा शहरातल्या संग्रहालयाचे संचालक तिच्याकडे आले. त्यांना प्रदर्शन भरवायचं होतं, "जगातील सर्वांत जहाल विषं". बोर्डांवरचा मजकूर लिहायला जाणकार माणूस हवा होता. मावशी मोहरून गेली. उभा जन्म तिनं टाळलेल्या मरणांची कुणी दखल घेतली नव्हती. घेणार तरी कशी? न घडलेल्या गोष्टीचा सत्कार कोण करतं? आता मात्र तिचं नाव दारातल्या मोठ्या बोर्डावर येणार होतं.

पहिल्याच बैठकीत दोघांची जुंपली. मी तेव्हा बोर्डांचा मजकूर टाइप करून द्यायचं काम पत्करलं होतं म्हणून हजर होते.

"सगळ्यांत जहाल कुठलं, तेवढं ठरवून टाकू," संचालक म्हणाले. "पहिला नंबर, दुसरा नंबर, असं."

"वजनाला थोडं आणि माणूस मारायला पुरेसं असं म्हणत असाल, तर बोट्युलिनम. एका जंतूचं विष. बंद डब्यात नीट न टिकवलेल्या अन्नात तयार होतं. त्यापुढं बाकी सगळी मंडळी किरकोळ. पण माणसं जास्त कशानं मरतात असं विचाराल तर यादी वेगळी आहे."

"कशानं मरतात?"

"घरातल्या औषधांच्या कपाटानं. एक मोठं दालन मला औषधांसाठी आणि साफसफाईच्या बाटल्यांसाठी द्या."

संचालकांनी चष्मा पुसला. "मॅडम, तिकीट काढून लोक साप बघायला येतात. फरशी पुसायची बाटली त्यांच्या घरी आहे."

"म्हणूनच म्हणतेय."

"म्हणूनच येणार नाहीत."

संचालकांचं चुकत नव्हतं. शेवटी तोडगा निघाला. साप, बेडूक, विंचू, समुद्रातले जीव आणि झाडं यांना मुख्य दालन, आणि मावशीच्या औषधांना बाहेर पडायच्या दाराशी एक टेबल. "जाता जाता दिसेल सगळ्यांना," संचालक समजुतीच्या सुरात म्हणाले.

मग मावशी कामाला लागली. तिच्या जेवणाच्या टेबलावर कागदांचे ढीग वाढत गेले आणि जेवण हळूहळू ओट्याशी उभ्यानं होऊ लागलं. ती लिहायची मोठं मजेशीर, आणि संचालक ते गंभीर करून द्यायला सांगायचे. दूरच्या एका वाळवंटातल्या सापाबद्दल तिनं लिहिलं होतं, "याचं विष सर्व सापांत जहाल, पण हा माणसांपासून इतका लांब राहतो की त्याला ते वापरायची संधीच मिळत नाही." पिवळ्याधमक बेडकाबद्दल तर तिला फारच लिहायचं होतं. रानात त्याच्या कातडीत इतकं विष असतं की हात लावायची सोय नाही. पण ते विष त्याला रानातल्या किड्यांच्या खाण्यातून मिळतं. काचेच्या पेटीत वाढवून फळांवरच्या माश्या खायला घातल्या की तोच बेडूक निरुपद्रवी होतो. प्रदर्शनात असाच पाळीव बेडूक येणार होता.

"म्हणजे आपल्या बेडकात विष नाही?" संचालकांचा चेहरा पडला.

"तुमच्या-माझ्याइतकंही नाही."

"हे बोर्डावर लिहायलाच हवं का?"

"खाली, बारीक अक्षरात लिहू," मावशीही आता व्यवहार शिकत होती.

याच दिवसांत काकांची कंबर धरली. जन्मभर घड्याळांवर वाकलेली कंबर, कधीतरी धरायचीच. त्यांनी दुकानाशेजारच्या केमिस्टकडून दुखण्यावरच्या गोळ्या घेतल्या. मग सर्दी झाली. समोरच्या पुस्तकवाल्यानं गरम पाण्यात ढवळून प्यायच्या पुड्या दिल्या, "एकदम रामबाण" म्हणून. मग अंगात कसर आली, तर घरात तापाच्या गोळ्या होत्याच. तोंडाला चव नसल्यानं जेवण सुटलं. काका सगळं इमानदारीत घेत राहिले, कंबरेचं कंबरेला, नाकाचं नाकाला, तापाचं तापाला, आणि बरं वाटेना तसं थोडं जास्त. मावशीला त्रास द्यायचा नाही असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. एवढं मोठं काम तिच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं.

मावशी कागदातून मान वर न काढता विचारायची, "गोळी घेतली का?"

"घेतली."

"मग पड जरा."

एके दुपारी टाइप केलेले कागद घेऊन मी त्यांच्याकडे गेले. मावशी अळंबीचा बोर्ड लिहीत होती. एका पांढरट, दिसायला साध्यासुध्या रानअळंबीनं जगात कित्येक माणसं दगावली आहेत. तिनं मला मसुदा वाचून दाखवला. "ही चवीला छान लागते असं ती खाऊन बचावलेले लोक सांगतात. आधी उलट्या होतात. मग रुग्णाला बरं वाटतं, घरचे निर्धास्त होतात. त्याच वेळी आत यकृत निकामी होत असतं. कसं वाटतं?"

"भीती वाटते," मी म्हटलं.

"मग जमलं."

आतून काकांच्या ओकारीचा आवाज आला. मावशी तिथूनच म्हणाली, "पाणी पी घोटघोट." आणि अळंबीच्या देठाबद्दल पुढं लिहू लागली.

मी आत डोकावले. काका पलंगाच्या कडेला बसले होते. उजव्या बरगडीखाली हात दाबून धरला होता. मला बघून ते हसले, आणि खिडकीच्या उजेडात त्यांच्या डोळ्यांचा पांढरा भाग मला पिवळसर वाटला.

"मावशी," मी हाक मारली. "जरा इकडं ये."

माझ्या आवाजात काहीतरी असावं. ती पेन हातात घेऊनच आली. काकांकडे बघितलं. त्यांची खालची पापणी ओढून बघितली. पेन खाली पडलं ते तिनं उचललं नाही.

"काय काय घेतलंयस?"

"काही नाही गं, गोळ्याच आपल्या."

"कुठल्या?"

काकांनी कोटाचे खिसे उलटे केले. रिकामी पाकिटं, फाडलेल्या पुड्या, चुरगळलेला चंदेरी कागद. मावशीनं ते सगळं पलंगावर पसरलं आणि एकेक उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचली. कंबरेच्या गोळीत पॅरासिटामॉल. सर्दीच्या पुडीत पॅरासिटामॉल. तापाची गोळी तर सगळी तीच. ती पलंगावर बसली. जगातलं कुठलं विष यकृताला काय करतं हे ती गेला महिनाभर लिहीत होती, आणि पलीकडच्या खोलीत तेच पाण्याबरोबर घेतलं जात होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

मग ती उठली आणि तिनं फोन केला. सरळ रुग्णालयात निघायचं तर निघता आलं असतं. पण तिला स्वतःच्या डोक्याचा भरवसा वाटेना. ती सगळ्यांना सांगत आली होती, घाबरला असाल तर स्वतःची अक्कल चालवू नका, आम्हाला विचारा. तिनं तेच केलं. फोन स्पीकरवर होता, कारण तिला तो कानाला धरवत नव्हता.

पलीकडं थंडोबा होता. हा मावशीचा दुसऱ्या टेबलावरचा सहकारी, तिनंच तयार केलेला. समोर आग लागली तरी आवाजाची पट्टी बदलत नाही म्हणून तिनंच त्याला हे नाव दिलं होतं.

"विषबाधा माहिती केंद्र. बोला."

"मी बोलतेय."

"बोला मॅडम. किल्ली राहिली का?"

"नाही. रुग्ण आहे."

मग मावशीनं शिकवलेल्या क्रमानं एकेक प्रश्न आला.

"रुग्णाचं वय?"

मावशीनं सांगितलं.

"काय घेतलंय?"

"पॅरासिटामॉल. तीन नावांनी."

"किती?"

मावशीनं पाकिटांकडं बघितलं, मग काकांकडं. काकांनी खांदे उडवले.

"माहीत नाही."

"कधीपासून?"

"कंबर दुखायला लागल्यापासून. म्हणजे... माहीत नाही."

"पोटात अन्न?"

"जेवत नव्हता. मला वाटतं जेवत नव्हता. मी बघितलं नाही."

"उलट्या? कावीळ?"

"दोन्ही."

"तुमचं रुग्णाशी नातं?"

हा प्रश्न तिनं हजारो लोकांना विचारला असेल. थंडोबालाही उत्तर ठाऊक होतं, काकांच्या हातचं घड्याळ त्याच्या मनगटावर होतं. पण प्रश्न यादीत होता, आणि यादीतला एकही प्रश्न गाळायचा नाही हे त्याला मावशीनंच बजावलं होतं.

"बायको," मावशी म्हणाली.

"ठीक आहे. पाकिटं सगळी बरोबर घ्या. मी वॉर्डात कळवून ठेवतो, उताऱ्याची तयारी करायला सांगतो. आणि मॅडम, तुम्ही गाडी चालवू नका."

मी गाडी चालवली. मागच्या सीटवर मावशीनं पाकिटं मुठीत आवळून धरली होती आणि काका तिची समजूत काढत होते.

रक्त तपासलं, यकृताचे आकडे खूपच वाढले होते. लगेच सलाइनमधून उतारा सुरू झाला. या विषावर उतारा आहे आणि तो चांगला आहे, हे काकांचं नशीब. त्या औषधाला सडक्या अंड्यासारखा वास येतो. काका म्हणाले, "एवढं घाण आहे म्हणजे नक्की गुणकारी असणार." वॉर्डातला डॉक्टर नुकताच बदलून आला होता. त्याला मावशी कोण ते ठाऊक नव्हतं. त्यानं तिला बाजूला घेऊन पॅरासिटामॉलचं यकृतात काय होतं ते समजावून सांगितलं, अगदी चित्र काढून. मावशी पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी मान डोलवत राहिली.

"पुढं लक्षात ठेवा," तो शेवटी म्हणाला, "शंका आली की खाली विष केंद्राला फोन करायचा. तिथं एक बाई असतात. जरा खेकसतात, पण त्यांना सगळं कळतं."

"ऐकलंय मी त्यांच्याबद्दल," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आकडे आणखी वर गेले. मावशी पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून होती. तिला हे आकडे कुठपर्यंत गेले की माणूस परत येत नाही ते पाठ होतं, आणि त्या वेळी तिला कुठलंच ज्ञान नको झालं होतं. मी डबा घेऊन गेले तेव्हा दोघं हळू आवाजात भांडत होती. मला बरं वाटलं.

"वाचलं का नाहीस?" मावशी म्हणत होती. "तिन्हींच्या मागं लिहिलंय."

"मला वाटलं तीन दुखण्यांची तीन औषधं. एकच आहे तर एकच नाव ठेवायचं की."

"ते जाऊ दे. वाचलं का नाहीस?"

"तू घरात असताना मी कशाला वाचू?" काका म्हणाले. त्या बोलण्यात खोच नव्हती. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

तिनं काकांचं पांघरूण सारखं केलं, ते आधीच सारखं होतं.

त्यानंतर आकडे उतरायला लागले. काका आठवडाभरानं घरी आले, बारीक होऊन, पण शाबूत.

मावशी संचालकांना सांगायला गेली, की मी प्रदर्शनातून अंग काढून घेते, ज्या बाईला स्वतःच्या घरातलं विष दिसलं नाही तिचं नाव बोर्डावर कशाला? संचालकांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "मॅडम, बोर्ड छापून झालेत." त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. तिनं फक्त दारातलं आपलं टेबल नव्यानं मांडलं. बाकी सगळं काढून टाकलं आणि काकांच्या खिशातली पाकिटं, पुड्या आणि चंदेरी कागद जसेच्या तसे काचेखाली ठेवले.

उद्घाटनाला गर्दी लोटली. दालनाच्या मधोमध, दिव्याच्या झोतात, सर्वांत जहाल विषाची जागा होती. बोट्युलिनमचं विष काही ठेवता येणार नव्हतं, म्हणून एका त्वचेच्या दवाखान्यातून त्याची रिकामी कुपी मागून आणली होती. खाली मावशीचा मजकूर: "हेच विष अत्यंत सूक्ष्म प्रमाणात कपाळात टोचून घेतात, म्हणजे आठ्या पडत नाहीत." माझी आई त्या कुपीसमोर उभी होती. मावशीचा कप सगळ्यांत जास्त वेळ हुंगणारी हीच. गेली दोन वर्षं आई स्वतःचं कपाळ इतकं तुकतुकीत कसं राहतं याचं श्रेय काकडीला देत होती. तिनं मजकूर वाचला, कुपीवरचं नाव वाचलं, पुन्हा मजकूर वाचला. तिला जबर धक्का बसला असावा. कपाळावरून कळायला काही मार्ग नव्हता.

"ताई," ती मावशीच्या कानाशी जाऊन म्हणाली, "हे... हे सगळ्यांनाच चालतं ना?"

"जाणत्या हातानं दिलं तर चालतं," मावशी म्हणाली. "कुणी देत होतं?"

"छे. मैत्रीण विचारत होती."

बेडकासमोर रांग होती. बेडूक हलत नाही म्हणून पोरं निराश होत होती आणि आया त्यांना मागं ओढत होत्या, "विषारी आहे, काचेला हात लावू नको." खालचं बारीक अक्षर कुणीही वाचलं नाही. मावशीचं टेबल मात्र संचालकांच्या अंदाजाप्रमाणंच ओस होतं. लोक रिकाम्या पाकिटांवरून नजर फिरवून बाहेर पडत होते. एकानं तर कचरा समजून स्वतःचं तिकीट तिथंच ठेवलं.

टेबलाशेजारी काका खुर्ची टाकून बसले होते. मावशी आता त्यांना घरी एकटं सोडायला तयार नव्हती, एवढंच त्याचं कारण. एका बाईंनी त्यांना विचारलं, "इथं काय आहे हो?"

"मी आहे," काका म्हणाले.

आणि त्यांनी सगळं सांगितलं. कंबर, पुड्या, पिवळे डोळे, सडक्या अंड्याचा वास. बाई खिळून राहिल्या. त्यांच्यामागं आणखी कुणी थांबलं. "आमच्याकडं पण याच गोळ्या आहेत," कुणीतरी म्हणालं, आणि लगेच पर्समधून काढून मागची अक्षरं वाचू लागलं. थोड्या वेळानं बेडकापुढची रांग वाकडी होऊन दाराकडं वळली होती. संचालक धावत आले. "मॅडम, काकांना रोज आणता येईल का?"

काका रोज गेले. जहाल विष पचवून बसलेला माणूस त्याच तिकिटात बघायला मिळतो म्हटल्यावर लोक आले. काहींनी त्यांना जीभ दाखवायला लावली. काकांची कथाही दिवसागणिक फुगत गेली. शेवटच्या आठवड्यापर्यंत ते यमाच्या दाराची कडी वाजवून आले होते. मावशी कोपऱ्यात उभी राहून ऐकायची आणि पुटपुटायची, "एवढं काही झालं नव्हतं." पण त्या दिवसांत स्टुलावर बसून ती काय बघत होती हे मी पाहिलं होतं. झालं तेवढं पुरेसं होतं.

प्रदर्शन संपलं आणि केंद्रातले फोन वाढले. निम्मे बागेतल्या बेडकांबद्दलचे. "पिवळा नाही, हिरवाच आहे, पण टक लावून बघतोय." उरलेले मात्र कामाचे. लोक पाकीट हातात घेऊन, अक्षरं वाचून दाखवत फोन करत होते. इतक्या वर्षांची मागणी पूर्ण झाली होती. थंडोबाला वाटलं, आता मॅडम खूश होतील.

मॅडमचं दुसरंच काही झालं होतं, ते त्यानं मला पुढं कधीतरी सांगितलं. एका सकाळी एका माणसाचा फोन आला. त्यानं आईला हृदयाच्या गोळ्या दिल्या होत्या, आणि त्याच्या बहिणीनंही दिल्या होत्या, एकमेकांना न विचारता. किती मिलिग्रॅमच्या ते त्याला माहीत नव्हतं. पाकीट बहीण घेऊन गेली होती. तो माणूस रडत होता. थंडोबानं आपसूक कान झाकले, आता बाई सुरू होणार म्हणून.

मावशी म्हणाली, "माहीत नसतं हो. माणसाला आपल्या घरातलंच माहीत नसतं. अँब्युलन्स निघालीये. ती येईपर्यंत मी आहे फोनवर. आईंना झोपवून ठेवलंय ना? त्यांच्या उशाशी बसा. खिडकीतून काय दिसतं तुमच्या?"

त्यानं सांगितलं, समोरच्या इमारतीला रंग देताहेत. मावशीनं कुठला रंग ते विचारलं. मग तो रंग किती दिवस टिकेल, त्यापेक्षा दुसरा बरा दिसला असता का, याबद्दल ती अँब्युलन्सचा भोंगा पलीकडून ऐकू येईपर्यंत त्याच्याशी बोलत राहिली. त्याची आई वाचली.

फोन ठेवल्यावर मावशीनं डोळे पुसले, खिडकी उघडली आणि थंडोबाची खुर्ची किती कुरकुरते यावरून त्याच्यावर मनसोक्त ओरडून घेतलं.